काशीबाईंचे उरलेले शब्द

रोह्याहून कोलाडला जाणाऱ्या रस्त्यावर, गाव संपता संपता, ‘मुक्काम’ नावाचं वृद्धांचं केंद्र आहे. तळमजला, वर एक मजला, तेवीस खाटा आणि मागे आंब्याची चार झाडं. हेमांगी प्रधान तिथल्या व्यवस्थापिका. पेणच्या एका रुग्णालयात वीस वर्षं नर्सची नोकरी करून त्या इथे आल्या होत्या. हातात घेतलेलं काम चोख करायचं आणि त्याबद्दल फार बोलायचं नाही, अशी त्यांची रीत. २०२० सालच्या मार्चमध्ये टाळेबंदीचा हुकूम निघायच्या आठवडाभर आधीच त्यांनी फाटकाला कुलूप घातलं. नातेवाईक बंद, पाहुणे बंद, घरचा डबा बंद.

“एक माणूस जरी तो आजार घेऊन आत आला, तरी माझी निम्मी माणसं जातील,” असं त्यांनी विश्वस्तांचे अध्यक्ष अंबरीश चित्रे यांना फोनवर सांगितलं. ते खोटं नव्हतं. तेवीसातली सतरा माणसं पंच्याहत्तरीच्या पुढची होती.

कुलूप घातलं त्याच दिवशी दुपारी शिवा घरत फाटकाशी आला.

शिवा वडखळच्या बाजूचा, खाडीकाठच्या गावातला. सगळा जन्म मिठागरात गेलेला. वय चौऱ्याहत्तर, अंगानं वाळलेला, पायांच्या टाचा खाऱ्या पाण्यानं कायमच्या फुटलेल्या. त्याची बायको काशीबाई दोन वर्षांपासून ‘मुक्काम’मध्ये होती. अर्धांगवायूनं तिचा उजवा हात आणि पाय गेला होता. घास नीट गिळता येत नव्हता. मुलगा निलेश नागोठण्याच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये, सून नम्रता पेणला दुकानात कामाला. घरी बघायला म्हातारा एकटा. त्याला तिला उचलता येईना, म्हणून मुलानं तिला इथे आणून ठेवली. शिवानं मुलाला एकच अट घातली होती, की एक दिवसाआड मी तिच्याकडं जाणार. ती त्यानं दोन वर्षं पाळली. सकाळची एसटी धरायची, साडेदहाला यायचं, डब्यातला मऊ भात आणि खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण स्वतःच्या हातानं कालवायचं, काटा राहिलाय का ते बोटांनी चाचपायचं आणि तासभर बसून तिला भरवायचं.

अर्धांगानं काशीबाईची वाचाही नेली होती. उरले होते ते मोजके शब्द. पानी, भात, नको, ये, जा, भरती, आगर, असे पंधरा-वीस. ते सगळे तिच्या बोलीतले आणि तोंड वाकडं झाल्यामुळे जड झालेले. केंद्रातल्या बाकीच्यांना ते धड कळतही नसत. शिवाला मात्र त्या पंधरा शब्दांत सगळं ऐकू येई. ती ‘आगर’ म्हणाली, की तो तिला मिठागरातल्या बातम्या सांगे; कोणाचा बांध फुटला, कोण वारला. आणि त्या शब्दांमध्ये एक शब्द असा होता, जो पन्नास वर्षांच्या संसारात तिच्या तोंडून कधी निघाला नव्हता. तिनं नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. अर्धांग झाल्यावर पहिल्यांदा ती ‘शिवा’ म्हणाली, तेव्हा म्हातारा लाजून इकडेतिकडे बघायला लागला होता. ही गोष्ट सगळ्या केंद्रात हसत हसत सांगितली जाई.

त्या दिवशी हेमांगीताई फाटकाच्या आत उभ्या राहिल्या आणि त्यांनी त्याला नियम समजावून सांगितला.

“बाय, मी आजारी नाय,” शिवा म्हणाला. “ताप नाय, खोकला नाय. हात साबनानं धुतो, पायजे तं आंघोल करतो.”

“काका, तुम्ही नाही हो, पण एसटीत कोण कोण बसलेलं असतं. पंधरा-वीस दिवसांचा प्रश्न आहे.”

“मंग डबा तरी घ्या.”

“भांडंही आत घेता येत नाही.”

तो थोडा वेळ डबा धरून उभा राहिला. मग म्हणाला, “तिला सांगा, मी येऊन गेलू म्हनून.” आणि स्टँडकडे चालू लागला.

हेमांगीताईंनी निरोप सांगितला. काशीबाईनं त्यांच्याकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं. “ये,” ती म्हणाली.

पंधरा दिवसांचे महिने झाले. केंद्रातला प्रत्येक जण आपापल्या खोलीत. एकत्र जेवण बंद, संध्याकाळची भजनं बंद, व्हरांड्यातल्या खुर्च्या उचलून ठेवलेल्या. सेवेला असणाऱ्या बाया पंधरा पंधरा दिवस आतच राहत. सगळ्यांच्या तोंडाला मास्क, हातात मोजे. ज्यांना कमी ऐकू येई, ते आजवर ओठ बघून समजून घेत. आता ओठच दिसेनात. गोपाळ कर्णिक नावाचे निवृत्त मास्तर रोज सगळ्यांना वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवत; मे महिन्यात त्यांनी हेमांगीताईंना विचारलं, “आज शाळेला सुट्टी आहे का?” त्यानंतर त्यांना वार-तारीख लागेनाशी झाली. चालणारी माणसं खाटेला टेकली. पण आजार आत आला नाही. खुद्द हेमांगीताई चार महिने पेणला घरी गेल्या नाहीत. मुलगी मनस्वी फोनवर रडायची, त्या तिला दटावायच्या.

एप्रिलच्या शेवटी एकदा दुपारी चौकीदारानं बोलावलं म्हणून त्या फाटकाशी गेल्या, तर बाहेर शिवा बसलेला. डोक्याला पंचा गुंडाळलेला, पाय धुळीनं पांढरे. एसटी बंद, रेल्वे बंद, रस्त्यावर पोलीस.

“आलात कसे?”

“रुळावरनं,” तो म्हणाला. “कासूला रुळ धरला. काल रात निडीच्या ठेसनात काढली. मालगाडी आली का बाजूला व्हायचा, दुसरा काय.”

तीस-बत्तीस किलोमीटर. हेमांगीताईंनी बाटलीत पाणी भरून फाटकाच्या खालून सरकवलं, बिस्किटांचे पुडे दिले. आत घेण्याचा विचार त्यांच्या मनात आला नाही असं नाही. आला, आणि त्यांनी तो बाजूला केला. त्याच आठवड्यात पनवेलकडचे रुग्ण रोज वाढत होते. हा माणूस रात्री स्टेशनात कोणाजवळ झोपला होता, कुणाला ठाऊक.

त्यांनी अनिताला सांगितलं, काशीबाईला चाकाच्या खुर्चीत घालून व्हरांड्यात आण. अनिता निडीची, काशीबाईच्याच बोलीतली, केंद्रात सहा वर्षं कामाला. तिनं काशीबाईचे केस विंचरले, पातळ सारखं केलं आणि आणखी एका बाईच्या मदतीनं तिला जिना उतरवून बाहेर आणलं. व्हरांडा ते फाटक चांगलं पन्नास पावलांचं अंतर. काशीबाईच्या एका डोळ्यात मोतीबिंदू.

“काशे!” शिवानं गज धरून हाक मारली. “गो काशे, मी हाय, इकरं बग!”

मास्कमधून आवाज पोचेना. काशीबाई आंब्याच्या झाडाकडे बघत राहिली. अनितानं तिची मान हलकेच फाटकाकडे वळवली. तिला एक माणूस दिसला असेल, तोंड झाकलेला, जशी महिनाभर सगळीच माणसं तिला दिसत होती. तिनं नजर खाली घेतली.

शिवानं मास्क हनुवटीखाली ओढला. “काशे!”

“मास्क वर घ्या!” हेमांगीताई ओरडल्या. नर्सच्या सवयीनं, विचार करायच्या आत. “काका, मास्क वर!”

त्यानं लगेच वर घेतला. चूक झाल्यासारखा. काशीबाईनं आवाजाच्या दिशेनं मान उचलली होती, तोवर तिथे पुन्हा झाकलेला चेहराच होता. दहा मिनिटं तो गजांना धरून उभा राहिला. मग, “ऊन लागंल तिला, आत न्या,” असं म्हणाला आणि निघाला. हेमांगीताईंनी निलेशला फोन केला. त्याच्याजवळ कंपनीचा पास होता. तो मोटारसायकल घेऊन आला आणि बापाला अर्ध्या रस्त्यातून घरी घेऊन गेला.

त्यानंतर निलेश आठवड्यातून दोनदा व्हिडिओ कॉल करू लागला. अनिता फोन काशीबाईच्या समोर धरी. पहिल्या वेळी नवऱ्याचा आवाज ऐकून तिचा चेहरा उजळला. तिनं डावा हात पुढे केला, फोनच्या मागे नेला आणि तिथे चाचपू लागली. मागे कोणीच नव्हतं. तिनं पुन्हा चाचपलं. मग ती घशातून असा काही आवाज काढू लागली, की शेजारच्या खोलीतली माणसं जागी झाली. असं तीन-चार वेळा झालं. पुढे पुढे फोन समोर धरला की ती डोळे मिटून घेई.

जूनच्या तीन तारखेला वादळ झालं. ‘मुक्काम’चे दोन आंबे पडले, वरच्या मजल्याचे पत्रे गेले आणि पंधरा दिवस वीज नव्हती. फोन लागत नव्हते. शिवाच्या घराचं अर्धं छप्पर खाडीत गेलं, ही बातमीसुद्धा हेमांगीताईंना महिना उलटल्यावर कळली. त्या पंधरा दिवसांत काशीबाईशी तिच्या बोलीत एक शब्दही बोलणारं कोणी नव्हतं. अनिताची सुट्टीची पाळी होती आणि ती निडीला अडकली होती.

अनिता परत आली आणि चार दिवसांनी ऑफिसात येऊन उभी राहिली.

“मॅडम, काशीआजी बोलत नाय.”

“म्हणजे?”

“काहीच नाय. पानी पन म्हनत नाय. मी आज सकाळपासून पानी समोर ठेवून बसले, मागतील म्हनून. नाय मागितला. ओठ सुकले, तरी नाय.”

हेमांगीताई वर गेल्या. काशीबाईला त्यांनी हाक मारली, हात दाबला, पाणी दाखवलं. ती बघत होती, पण कशाकडेच बघत नसल्यासारखी. घास तोंडात घातला तर गालात धरून ठेवी. मार्चमध्ये सेहेचाळीस किलो असलेलं वजन आता अडतीस झालं होतं. डॉक्टरांनी फोनवरून तपासण्या सांगितल्या. सगळ्या ठीक आल्या. ताप नाही, साखर नाही, नवा झटका नाही. “नाकातून नळी घालायचा विचार करा,” ते म्हणाले. “वय झालंय, होतं असं.”

हेमांगीताई खाली येऊन खुर्चीत बसल्या. वीस वर्षांत त्यांनी खूप माणसं खंगताना पाहिली होती, आणि प्रत्येक वेळी कागदावर लिहायला काहीतरी नाव असे. इथे नाव नव्हतं. आणि जे होतं ते त्यांनी स्वतः फाटकाला लावलं होतं. हा विचार त्यांनी त्या दिवशी पुरता केला नाही. अर्ध्यात उठल्या आणि औषधांचं कपाट आवरायला लागल्या.

ऑगस्टमध्ये अंबरीश चित्र्यांचा फोन आला. आवाजात आनंद. “हेमांगीताई, जिल्ह्यात आपलं नाव झालंय. पाच महिने आणि एकही पेशंट नाही! गणपती झाले की विश्वस्त मंडळातर्फे तुमचा सत्कार करायचा ठरलाय, ऑनलाइन.”

“सत्कार नको,” त्या म्हणाल्या. “मला दुसरं काहीतरी हवंय. काशीबाई घरतांच्या नवऱ्याला आत घ्यायचंय.”

“भेटीला?”

“राहायला. स्वॅब तपासून घेईन. खालची व्यायामाची खोली रिकामी आहे, तिथे दहा दिवस वेगळा ठेवीन. पुन्हा तपासणी. मग तो तिच्या खोलीत राहील आणि बाहेर जाणार नाही.”

“अहो, एकाला घेतलं की बावीस जणांचे नातेवाईक दारात येतील.”

“येऊ देत. एकेकाला असंच घेऊ.”

“आणि काही झालं तर? जबाबदारी कोणाची?”

“माझी. लिहून देते.” मग त्या म्हणाल्या, “साहेब, इथे कोणी त्या आजारानं गेलं नाही हे खरं आहे. पण आहेत ती माणसं खंगताहेत. मी रोज बघते आहे.”

चित्र्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. हेमांगीताईंनी ते हो धरलं.

सप्टेंबरच्या मध्यावर निलेशनं बापाला आणून सोडलं. एक पिशवी, दोन लुंग्या, एक सदरा. दहा दिवस शिवा व्यायामाच्या खोलीत राहिला. दार उघडून बाहेर आला नाही, एकदाही काही मागितलं नाही. जेवणाचं ताट दारात ठेवलं की “काशीनं खाल्ला का?” एवढं विचारी. अनिता दर वेळी “थोडा खाल्ला” म्हणे. ते खरं नव्हतं.

अकराव्या दिवशी सकाळी हेमांगीताई त्याला वर घेऊन गेल्या. जिन्यात त्यांनी त्याला सांगायचा प्रयत्न केला. “काका, त्या आता पहिल्यासारख्या नाहीत. ओळखतील असं नाही.”

“मी वलखतो ना,” तो म्हणाला.

काशीबाई खिडकीकडे तोंड करून पडली होती. हाडं पातळावरून मोजता येतील अशी. शिवा खाटेवर टेकला. त्यानं मास्क काढला. हेमांगीताई दारात उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. त्यानं तिचा चांगला हात आपल्या गालावर ठेवला, तिची बोटं नाकावरून, कपाळावरून फिरवली.

“काशे, मी आलू गो.”

तिनं त्याच्याकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं. हेमांगीताईंना वाटलं, आता ती नाव घेईल. अनितालाही तसंच वाटलं असावं, कारण तिनं पदर तोंडाशी धरला होता. पण काशीबाईनं हळूच हात काढून घेतला आणि पुन्हा खिडकीकडे वळली, जसं परक्या माणसाकडे बघून वळावं.

शिवा उठला नाही. थोड्या वेळानं तो बोलायला लागला. वादळात छप्पर कसं गेलं, नम्रतानं कोंबड्या कशा वाचवल्या, पेणच्या कारखान्यांत यंदा गणपतीच्या निम्म्या मूर्ती रंगाशिवाय पडून राहिल्या, आगराचा दक्षिणेकडचा बांध कसा पुन्हा घालायला लागेल. तिनं ऐकलं की नाही कोण जाणे. दुपारी त्यानं स्वयंपाकघरातून भात मागून घेतला, बोटांनी लोण्यासारखा मऊ केला आणि एक घास तिच्या ओठाला लावला. तोंड मिटलेलंच. तो घास धरून बसला. हेमांगीताई तासाभरानं आल्या, तेव्हाही तो तसाच बसला होता.

तिसऱ्या दिवशी तिनं तोंड उघडलं. आठवड्यानं ती वाटीभर खाऊ लागली, फक्त त्याच्या हातून. नळीचा विषय मागे पडला. महिन्याभरात दोन किलो वजन वाढलं. त्यानं बोट पुढे केलं की ती ते धरून ठेवी आणि झोपेतही सोडत नसे. तो कोण हे तिला आठवलं होतं, की हा कोणी नवाच भला माणूस आपल्याला भरवतोय असं तिला वाटत होतं, ते शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही. शब्द परत आले नाहीत. एकही नाही.

तोवर केंद्रात दुसरी माणसंही त्याच वाटेनं आत आली. कर्णिक मास्तरांची मुलगी मालती पुण्याहून येऊन दहा दिवस वेगळी राहिली आणि मग महिनाभर बापाला वर्तमानपत्र वाचून दाखवत बसली. पुढे एका कामवाल्या बाईमुळे तीन जणांना आजार झालाच. तिघंही त्यातून उठले. शिवामुळे काही झालं नाही.

दिवाळी उलटून दोन आठवडे झाले होते. एका सकाळी शिवा खाली येऊन ऑफिसच्या दारात उभा राहिला. “बाय, जरा वर या,” म्हणाला. आवाज रोजचाच होता, म्हणून त्या सावकाश जिना चढल्या. काशीबाई गेली होती. पेजेची वाटी अर्धी संपलेली, आणि तिचं तोंड त्यानं ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसलेलं. निलेश गाडी घेऊन आला आणि तिला गावी घेऊन गेला.

बाराव्याला हेमांगीताई गेल्या. वडखळवरून आत वळल्यावर रस्ता बांधावरून जातो, दोन्ही अंगांना खाडीचं पाणी. घराला नवे पत्रे होते, भिंत एका बाजूला अजून उघडी. नम्रतानं त्यांना खुर्ची दिली. पाहुणे पांगल्यावर शिवा त्यांच्यासमोर जमिनीवर येऊन बसला.

ज्यासाठी त्या आल्या होत्या, ते बोलायला त्यांना वेळ लागला. “काका, एप्रिलमध्ये तुम्ही चालत आलात. तेव्हा मी तुम्हाला आत घ्यायला हवं होतं.”

शिवानं लगेच ‘तसा काय नाय’ म्हटलं नाही. तो विचार करत होता, बांधावरच्या माणसाला कोणी पाण्याचा अंदाज विचारावा आणि त्यानं खरोखर पाण्याकडे बघून उत्तर द्यावं, तसा.

“व्हय,” तो म्हणाला. “तवा घेतला असतात, तं ती बोलत गेली असती.”

हेमांगीताईंनी मान खाली घातली.

“तुमी वाईट केला असा मी नाय म्हनत,” तो पुढे म्हणाला. “तुमच्याकडं बावीस मानसा होती आनखी. ती सगली जगली. माजी एकच होती. पन मंग घेतलावसुद्धा तुमीच. दुसऱ्या कोनी नसता घेतला. दोन म्हयने भरवली मी तिला. ते माज्याजवल हाय.”

त्यांना वाटलं होतं, तो रागावला तर बरं वाटेल, किंवा माफ केलं म्हणाला तर बरं वाटेल. त्यानं दोन्ही केलं नव्हतं, आणि त्यात बदल करायचा हक्क आपल्याला नाही, हे त्यांना उमगलं. डोळे पुसायला त्यांनी पदर उचलला, तर तो तोंडावरच्या मास्कला अडकला. त्यांनी मास्क काढून पर्समध्ये ठेवला.

“पान वाढलाय,” नम्रता आतून म्हणाली. “जेवून जा मॅडम, उपाशी नका जाऊ.”

शिवा गुडघ्यावर हात टेकून उठला. “चला बाय,” म्हणाला, आणि त्या त्याच्या मागोमाग आत गेल्या. ओटीवर पंगत बसली होती, गावच्या चार म्हाताऱ्या बाया मध्ये जागा करून देत होत्या. एकीनं त्यांना हाताला धरून आपल्याजवळ बसवलं आणि विचारलं, काशी शेवटी शेवटी कशी होती, ते सांगा. हेमांगीताईंनी पानाकडे पाहिलं, मग त्या बाईकडे पाहिलं, आणि काही न वगळता सांगायला सुरुवात केली.